डावा पीळ

जावईबापूंचा लेझर पॉइंटर हरवला तेव्हा घरात सगळ्यात कसून शोध घेतला तो काकूंनी. बसल्या जागेवरून का होईना, पण सोफ्याच्या उशा उलट्यापालट्या करायला लावल्या, कपाटामागं झाडू घालायला लावला, आणि वर "वस्तूला जागा नसली की असंच व्हायचं" हेही दोनदा ऐकवलं. जावई कॉलेजात शिकवायचा. पडद्यावरच्या आकृतीतला नेमका कोपरा दाखवायला त्याला ते पेनाएवढं यंत्र लागायचं. तो बिचारा मुकाट्यानं फूटपट्टी घेऊन गेला. आणि पॉइंटर काकूंच्या चष्म्याच्या घरात, पुसायच्या फडक्याखाली गाढ झोपला होता. त्यांच्या लेकीला हे ठाऊक होतं, पण ती आईला सामील होती.

काकूंचाही नाइलाज होता. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि महिनाभर खुर्ची सोडायची नाही असा डॉक्टरांचा हुकूम. एकतीस वर्षं काच कारखान्याच्या बांधणी खात्यात, माल कागदात गुंडाळत, उभ्यानं काम केलेली बाई ती. बसून राहणं म्हणजे तिला शिक्षाच. तोंडानं तरी किती सांगणार? "तो डबा. तो नव्हे, शेजारचा. अगं डावीकडचा. तुझी डावी, माझी नव्हे." यात दोघींचा जीव मेटाकुटीला यायचा. पॉइंटर हाती आला आणि कारभार सोपा झाला. लाल ठिपका डब्यावर टेकला की डबा खाली यायचा. भिंतीवरची तसबीर एका बाजूला कलली असेल तर ठिपका तिच्या वरच्या कडेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा आणि कलता कोपरा आपोआप उघडा पडायचा. हातातून सुई पडली, तर दिवे घालवून पॉइंटर फरशीला लागून आडवा धरायचा, की सुई लांबूनच चमकायची. समोरच्या दोरीवरून शेजारणीचा चिमटा पडला, तर काकू खिडकीतून कुंडीच्या आड ठिपका टाकून तो दाखवायच्या. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. लेकीनं एकच अट घातली होती. ठिपका कुणाच्या डोळ्यात जाता कामा नये, माणसाच्या नाही आणि बोक्याच्याही नाही.

शेवटी बोक्यानंच घात केला. एका संध्याकाळी जावई दारातून आत येतोय तो समोर बोका पडद्यावर अर्ध्या उंचीवर लोंबकळतोय, त्याच्या नाकापुढं लाल ठिपका, आणि खुर्चीत काकू डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसताहेत.

"आई," जावई शांतपणे म्हणाला, "सापडला वाटतं."

"आत्ताच सापडला. बोक्याच्या अंगाखाली होता."

"चष्म्याच्या घरात बोका मावतो?" त्यानं उघड्या घराकडं पाहत विचारलं. मग स्वतःच हसला. "ठेवा तुम्ही. मी दुसरा आणतो."

लेक फोटोग्राफर होती. लोकांची लग्नं, दुकानांचा माल, शाळांचे गट, असं पोटापाण्याचं काम करायची. पण दुपारी वेळ मिळाला की खोलीचे पडदे ओढून घ्यायची, फटींना काळं कापड लावायची, कॅमेऱ्याचं झाकण अर्धा-अर्धा मिनिट उघडं ठेवायची आणि त्या अंधारात पॉइंटरनं भिंतीवर, कपाटावर, माणसांभोवती रेघा ओढायची. रेघ ओढताना नुसता पळता ठिपका दिसायचा. फोटोत मात्र अख्खी रेघ उमटायची.

"अंधारात कसला फोटो?" काकू म्हणाल्या होत्या. "आम्ही जन्मभर काच उजेडात धरून पाहिली."

"तू हलू नकोस. हललीस तर तुला दोन नाकं येतील."

फोटोत काकू खुर्चीत बसलेल्या, अर्ध्या सावलीत, आणि खुर्चीच्या मागून दोन लाल पंख निघालेले. काकूंनी तो पुष्कळ वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "गुडघ्याला पण एक पंख काढायचा होतास."

असे दिवस चालले असताना संग्रहालयाच्या बाई घरी आल्या.

जुना काच कारखाना बंद पडून बरीच वर्षं झाली होती. आता त्याच्या बांधणी खात्याच्या शेडमध्ये संग्रहालय होणार होतं. या बाई तरुण, हुशार, वागायला गोड. जुन्या कामगारांच्या घरोघरी जाऊन त्या वस्तूंची माहिती लिहून घेत होत्या. त्यांनी फोटोंची चळत काकूंच्या मांडीवर ठेवली. साचे, चिमटे, नळ्या, बरण्या. आणि मग पाणी वाढायचा एक जग आला. हातभर उंच, निळसर, बारीक मानेचा, चोच अशी की पक्ष्यानं नुकतंच मान वळवून पाहावं. खाली कार्डाचा मजकूर होता : रौप्यमहोत्सवी जग. कारागीर, उस्ताद.

काकूंचा हात तिथंच थांबला.

"हा उस्तादांचा नव्हे. हा ह्यांचा आहे."

उस्ताद म्हणजे कारखान्यातले सगळ्यात मानाचे काच फुंकणारे, आणि 'हे' म्हणजे काकूंचे यजमान. जाऊन अकरा वर्षं झाली होती. अख्खा कारखाना त्यांना डावऱ्या म्हणायचा. काच फुंकणाऱ्यांत तेवढेच एक डावखुरे. काम करायचा बाक उजव्या हाताच्या माणसांसाठी, हत्यारं टांगायचे खिळे उजव्या बाजूला, नळी फिरवायची ती उजव्या हाताच्या सोयीनं. सुरुवातीला वर्षभर सगळ्यांनी त्यांना उजवा हात लावायला शिकवलं, आणि वर्षभर त्यांच्या बरण्या कुबड्या निघाल्या. मग नाद सोडला. चांगली कामं उजव्यांना, साधे पेले डावऱ्याला, अशी वाटणी झाली.

"महोत्सवाच्या आदल्या दिवशी उस्तादांना ताप होता," काकू म्हणाल्या. "बाकावर कुणी नव्हतं. ह्यांनी दुपारी हा जग काढला. दोन फुटले, तिसरा हा. संध्याकाळी उस्ताद आले, त्यांनी पाहिला, पाठीवर हात ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी उस्तादांचा जग म्हणून तो मांडला गेला. कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. मी ह्यांना म्हटलं, बोला की. तर म्हणाले, जग बघणाऱ्याला दिसतंय ना, मी कशाला बोलू?"

बाईंनी वहीत लिहून घेतलं. मग पेन खाली ठेवलं. "काकू, पण मिस्त्रींनी मला शपथेवर सांगितलंय की तो उस्तादांचाच. ते तेव्हा भट्टीचे मुख्य होते."

"मिस्त्री त्या दुपारी तिथं नव्हते."

"माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण कार्डावर विश्वास लिहिता येत नाही ना. काही पुरावा?"

काकूंनी विचार केला. "जग कसल्या कागदात गुंडाळलेला होता?"

"जुना पिवळा कागद होता. टाकून दिला आम्ही."

"कुठल्या बाजूनं गुंडाळलेला होता?"

बाईंनी लेकीकडं पाहिलं. लेकीनं नजर खाली घातली. त्या दोघींना वाटलं ते काकूंना कळलं, पण त्या सांगायच्या थांबल्या नाहीत. बांधणी खात्यात बायका पेला डाव्या हातात धरून उजव्या हातानं कागद गुंडाळायच्या. काचेच्या अंगावर डोळ्याला न दिसणारे पण अंगठ्याला लागणारे धागे असतात, तिरपे. कागद त्या धाग्यांबरोबर जायचा. एका माणसाच्या पेल्यावर मात्र कागद सरकायचा, कारण त्याचे धागे उलटे. काकू तेव्हा नव्या होत्या. चिडून विचारलं, हे कुणाचे वाकडे पेले? भट्टीवरून एक माणूस आला, घामानं निथळत, आणि म्हणाला, "पेले सरळ आहेत. मी डावरा आहे." त्या दिवसापासून त्याच्या पेल्यांना काकू उलटा कागद लावायच्या. पुढं लग्न झालं. जगालाही त्यांनी स्वतःच्या हातानं कागद लावला होता, उलटा.

"म्हणजे पुरावा होता," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "आणि तो मी रद्दीत घातला."

"सगळं मुसळ केरात," काकू म्हणाल्या, पण रागानं नाही.

कार्डं पंधरा दिवसांनी छापायला जायची होती. तोवर काही सापडलं तर कळवा, असं सांगून बाई गेल्या. त्या रात्री काकू जेवल्या नाहीत. गुडघा दुखतोय म्हणाल्या.

सापडलं ते बोक्यामुळं. दोन-तीन दिवसांनी दुपारी पडदे ओढलेले होते, लेक कॅमेऱ्याशी खटपट करत होती. बोका कपाटाच्या काचेच्या फळीखाली जाऊन बसलेला. त्याला बाहेर काढायला काकूंनी ठिपका टाकला, तो फळीखाली आडव्या ठेवलेल्या आरशावर पडला, वर उडाला आणि फळीवरच्या पेल्यातून आरपार गेला. छतावर एक फूल उमललं. फूल म्हणजे, लाल धाग्यांचा मोठा भोवरा. मधे घट्ट, बाहेर सैल, कुणी ओलं वस्त्र पिळून टाकावं तसा एका बाजूला पीळ घातलेला.

"आई, हलू नकोस," लेक म्हणाली. आज नाकांची गोष्ट नव्हती.

दुसऱ्या दिवशी जावयानं दोन स्टुलांवर कपाटाची काचेची फळी आडवी ठेवली. खाली चिमट्यात पॉइंटर, तोंड वर करून. त्याच्यावर उजेड पसरायला भिंगाचा एक तुकडा. फळीवर पेला पालथा ठेवायचा, बटण दाबायचं, छत बघायचं. बाजारातल्या यंत्राच्या पेल्यानं छतावर नुसती गोल कडी दिली, कंटाळवाणी. मग काकूंच्या कपाटातले तेवीस पेले बाहेर आले. बांधणीतल्या बायकांना खोट निघालेला माल घरी न्यायला मिळायचा. कुठं बुडबुडा, कुठं काठ जाड. काकूंकडं बहुतेक सगळ्या कारागिरांचा एकेक तरी नमुना होता.

"आता मी चिठ्ठ्या लावते," लेक म्हणाली. "तू डोळे मीट आणि हातानं सांग, कुणाचा."

काकूंनी डोळे मिटले. पेला हातात आला की अंगठा बुडाकडून काठाकडं जायचा. "उस्ताद." "ह्यांचा." "लंगड्या बाबू." "उस्ताद." "ह्यांचा. याच्या बुडाला रेतीचा कण आहे बघ." तेवीसच्या तेवीस सांगून झाले. मग एकेक पेला उजेडावर चढला. बाकी सगळ्यांचा पीळ छतावर उजवीकडं वळला. काकूंनी ज्यांना 'ह्यांचा' म्हटलं होतं ते आठ पेले, आठच्या आठ, डावीकडं.

लेक खाली फरशीवर बसून राहिली. "आई, तुझी बोटं म्हणजे."

"बोटांचं काय त्यात. ते बघ," काकू छताकडं बघत म्हणाल्या. "मधाच्या बरणीत चमचा फिरवून मध उचलतात, तशी वितळलेली काच नळीवर गुंडाळून घ्यायची असते. सगळे उजवीकडं फिरवायचे, हे डावीकडं. ते फिरवणं काचेत तसंच राहिलंय. माणूस गेला आणि हात ठेवून गेला."

जावयानं चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. लेकीनं प्रत्येक पिळाचा फोटो काढला.

संग्रहालयात जायचा दिवस ठरला तेव्हा काकू काठी घेऊन चालू लागल्या होत्या. सकाळी अकराची वेळ. शेडच्या खिडक्यांना बाईंनी काळं कापड लावून घेतलं होतं. काकू आत शिरल्या आणि उभ्या राहिल्या. इथं त्यांचं टेबल होतं. इथं कागदाचे गठ्ठे. आता पांढऱ्या भिंती आणि काचेची कपाटं. जमीन मात्र तीच, जिथं बायका उभ्या राहायच्या तिथं घासून गुळगुळीत झालेली.

मिस्त्री आधीच येऊन बसले होते. वय पंचाऐंशी, पाठ ताठ, आवाज अजून भट्टीच्या वरून ऐकू जाईल असा.

"या वहिनी. ऐकलं, तुम्ही छतावर जादू दाखवता."

"जादू नाही भावजी. तुमच्याच कारखान्याचा माल आहे."

"माल आमचा, पण जग उस्तादांचा. मी तुम्हाला वाईट वाटावं म्हणून म्हणत नाही. डावऱ्या माझा मित्र होता. पण खरं ते खरं."

काकूंनी घरून दोन पेले आणले होते, टॉवेलात गुंडाळून. एक डावऱ्याचा, एक उस्तादांचा. जावयानं फळी मांडली, खाली पॉइंटर बसवला. काकूंनी आधी डावऱ्याचा पेला ठेवला. छतावर डावा पीळ. मग उस्तादांचा. उजवा पीळ. मिस्त्री खुर्चीतून पुढं झुकले. "अरे," ते म्हणाले, एवढंच. बाईंनी हातमोजे घातले, जग दोन्ही हातांत धरून आणला, आणि जपून फळीवर उभा केला.

लेकीनं बटण दाबलं.

छत भरून गेलं. एवढा मोठा, एवढा सुंदर पीळ त्यांनी घरी पाहिला नव्हता. पाकळ्या भिंतीपर्यंत उतरल्या. आणि तो उजवीकडं वळलेला होता.

लेकीनं फोटो काढायला हात उचलला होता, तो खाली आला. जावयानं उगाच फळीचा कोपरा तपासला. काकू वर बघत राहिल्या. मान दुखायला लागली तरी बघत राहिल्या. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा त्यांना मनातल्या मनात अभिमान होता, ती छतावर लाल अक्षरांत खोटी पडली होती, आणि तो पुरावा आणणाऱ्या त्या स्वतःच.

"वहिनी," मिस्त्री म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "मला आनंद नाही झाला हं."

"माहीत आहे भावजी."

"नवऱ्याची गोष्ट आपण मोठी करतोच. माझी बायको अजून सांगते, मी एका दमात दोन बरण्या फुंकायचो."

काकू हसल्या. बाईंनी पाण्याची बाटली पुढं केली. काकूंनी जवळचा पेला उचलला, डावऱ्याचाच, फळीच्या कडेला पालथा ठेवलेला. पाणी घ्यायचं म्हणून त्यांनी तो सुलटा केला. खालचा उजेड चालूच होता. हात फळीवरून जाताना पेला क्षणभर त्या उजेडावर आला, आणि जगाच्या मोठ्या पिळाच्या शेजारी छतावर एक छोटा पीळ उमटून गेला.

"आई, पाणी घे."

"थांब."

त्यांनी जग जरा बाजूला घ्यायला सांगितलं आणि पेला पुन्हा उजेडावर ठेवला. तोंड वर करून. पीळ उजवीकडं. त्यांनी तो पालथा केला. पीळ डावीकडं. पुन्हा सुलटा. उजवीकडं.

"आपण घरी पेले कसे ठेवतो?" काकूंनी विचारलं.

"पालथे. धूळ बसते म्हणून. बाबाच ओरडायचे. तोंड उघडं फक्त पाण्यासाठी, म्हणायचे," लेक सांगता सांगता थांबली.

"आणि हा जग कसा उभा आहे?"

लेक भिंतीला टेकली. "मी स्वतःला फोटोग्राफर म्हणवते," ती म्हणाली. "दुकानाच्या काचेवरचं नाव आतून वाचलं की उलटं दिसतं. हे मी शंभर वेळा पाहिलंय. आणि तेवीस पेले पालथे ठेवून फोटो काढले."

"तू काय करणार. मीच हातात देत होते, पालथे," काकू म्हणाल्या. "चाळीस वर्षांची सवय आहे ती."

जावयाला हे विद्यार्थ्यांना समजावून सांगायची घाई झाली होती. तो बाईंना सांगू लागला, बुडातल्या पिळाकडं खालून पाहा आणि वरून पाहा, बाजू बदलते, म्हणून पेला आणि जग एकाच तऱ्हेनं उभे करायला हवेत. बाई मान हलवत होत्या. मिस्त्री मात्र काठी टेकत उठले.

"तुम्ही सगळे मागं व्हा," ते म्हणाले. "दिवा बंद करा. दोन्ही पेले इकडं."

त्यांनी पाठ फिरवली, पेल्यांची अदलाबदल केली, कुठला कुठला ते कुणाला दिसू दिलं नाही. त्यांनी जग पुन्हा बसवून घेतला, त्याच्या शेजारी एक पेला ठेवला, सुलटा. "लावा."

छतावर मोठा पीळ उजवीकडं, छोटा डावीकडं. दोघे एकमेकांकडं पाठ करून.

"हा उस्तादांचा," मिस्त्री म्हणाले. त्यांनी तो काढला, दुसरा ठेवला.

मोठा पीळ उजवीकडं. छोटा उजवीकडं. बाप आणि लेक एका वळणानं चालावेत तसे.

मिस्त्रींनी मान वर करून पुष्कळ वेळ पाहिलं. मग खुर्चीत बसले, आणि कपाळाला हात लावला.

"चिमटा," ते म्हणाले.

"काय?"

"त्या संध्याकाळी मी मुख्य कचेरीतून परत आलो. उस्तादांच्या बाकावर चिमटा डाव्या बाजूला टांगलेला. तिथं खिळासुद्धा नव्हता, तारेचा आकडा केलेला होता. मी झाडलोट करणाऱ्यावर ओरडलो, कुणी हात लावला बाकाला म्हणून. तो म्हणाला, मी नाही साहेब. मी त्याला खोटारडा म्हटलं." ते थांबले. "इतकी वर्षं मला तो चिमटा आठवतोय. कशासाठी आठवतोय ते आज कळलं."

काकूंनी त्यांच्यापुढं पाण्याची बाटली ठेवली. पेला दोघांत एकच होता, डावऱ्याचा. आधी मिस्त्री प्यायले, मग काकू.

बाईंनी वही उघडली. "काकू, पूर्ण नाव सांगा. कार्डावर पूर्ण नाव लागेल."

काकूंनी सांगितलं. नवऱ्याचं, त्यांच्या वडिलांचं, आडनाव. आयुष्यात फार थोड्या वेळा त्यांनी ते नाव तोंडानं घेतलं होतं. आज एकेक अक्षर सुटं करून घेतलं, बाईंना लिहिताना चूक होऊ नये म्हणून. बाईंनी वही फिरवून दाखवली. काकूंनी चष्मा लावून वाचलं आणि एक वेलांटी दुरुस्त करून घेतली.

"खाली 'डावऱ्या' लिहा," मिस्त्री म्हणाले. "नाहीतर आमच्यातल्या एकालाही कळायचं नाही हा कोण पाहुणा."

संग्रहालय उघडलं त्या दिवशी जग मधल्या कपाटात होता, आणि त्याच्या मागच्या भिंतीवर लेकीनं काढलेला छताचा फोटो, दारापासून दिसेल एवढा. तो टांगताना सरळ आहे की नाही हे काकूंनी खुर्चीतून ठिपका फिरवून तपासलं होतं, दोनदा. लोक येत होते, थांबत होते. कुणी विचारलं की काकू पर्समधून पॉइंटर काढायच्या, फोटोतल्या पिळावरून ठिपका मधून बाहेर फिरवत न्यायच्या, आणि सांगायच्या, "हा हात माझ्या यजमानांचा." दुसऱ्या वाक्याची गरज पडत नव्हती, तरी त्या पुढं सांगायच्याच. दोन फुटले, तिसरा हा, इथपर्यंत.

जावई शेजारी उभा होता. त्यानं खिसे चाचपले. "आई, हा माझा दुसरा पॉइंटर का?"

"पहिल्याचा सेल संपला."

दुपारी गर्दी ओसरल्यावर मिस्त्री त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर येऊन बसले. जगाकडं पाहत राहिले. मग घसा साफ केला.

"वहिनी, तुमच्या कपाटात सगळ्यांचे पेले आहेत म्हणे."

"बहुतेक सगळ्यांचे."

"मिस्त्री व्हायच्या आधी मीसुद्धा सहा वर्षं काच फुंकली. माझा एखादा असेल का?"

"आहे की. तिसऱ्या फळीवर."

मिस्त्रींची ताठ पाठ आणखी ताठ झाली. "कसा आहे?"

"बुडबुडा आहे त्यात," काकू म्हणाल्या. "नाहीतर माझ्या वाट्याला कशाला आला असता? पण पीळ सुरेख आहे. उद्या घरी या, छतावर दाखवते."